एका पाण्यातून काढलेल्या पिशव्या

नीलाचा फोन आला तेव्हा मी तूरडाळ निवडत होते. "काकू, बाबा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला आणि..." मी म्हटलं, "बरं. येते मी." निवडलेली डाळ डब्यात भरली, न निवडलेली झाकून ठेवली आणि मग चपला घातल्या. माझा स्वभावच तसा आहे, हातातलं काम टाकून मला रडतासुद्धा येत नाही. शिवाय श्रीधरभाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, नव्वदीच्या पुढचे होते. गेले दोन महिने अंथरुणाला खिळून होते. मी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, त्यामुळे या वयात कुणाच्या जाण्याचा धक्का बसावा असं काही राहिलेलं नाही. धक्का बसला तो पुढे तीन आठवड्यांनी, ठाण्याला एका शाळेच्या हॉलमध्ये, भर सभेत. हा लेख लिहायला बसले आहे ती त्याचसाठी.

भाऊजी मातीचे शास्त्रज्ञ होते. आयुष्यभर त्यांनी माती तपासली आणि पुढे तीस वर्षं कॉलेजात माती तपासायला शिकवली. त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती शोकसभा ठेवली होती. विद्यार्थी म्हणजे तेही आता टक्कल पडलेले, नातवंडं असलेले. त्यातले एक गृहस्थ बोलायला उठले. म्हणाले, "सर पहिल्या तासाला दर वर्षी एकच गोष्ट सांगत. तरुणपणी त्यांनी खाडीकाठच्या जमिनीवर निबंध लिहिला, त्याचं फार कौतुक झालं, परदेशी शिष्यवृत्तीचं जवळजवळ नक्की झालं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मातीचे नमुने ज्या कापडी पिशव्यांत आणले होते, त्या पिशव्यांत धुण्याचा सोडा राहून गेला होता. सर सांगायचे, मुलांनो, त्या पिशव्या मी स्वतः धुतल्या होत्या आणि नीट विसळल्या नव्हत्या. एवढ्याशा निष्काळजीपणानं माझी शिष्यवृत्ती गेली. तेव्हा आधी भांडी धुवायला शिका, मग शास्त्र."

सभा हसली. मीही सवयीनं हसले, आणि हसता हसता मध्येच थांबले. कारण त्या पिशव्या भाऊजींनी धुतल्या नव्हत्या. त्या मी धुतल्या होत्या.

आता पहिल्यापासून सांगते. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी डोंबिवलीला आले. स्टेशनापासून दहा मिनिटांवर एक बैठी चाळ होती, त्यात आमच्या दोन खोल्या, पुढे कठडा घातलेली पडवी आणि आठ बिऱ्हाडांत मिळून एक विहीर. वीज नव्हतीच. सहा महिन्यांत भाऊजी ट्रंक घेऊन आमच्याकडे राहायला आले. रसायनशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात पास झालेले, मुंबईला सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागलेली. आमच्या ह्यांना वाटलं, भाऊ आता औषधं तरी करणार नाहीतर रंग तरी. भाऊ आठवड्याभरात चिखलानं भरलेल्या चपला आणि एक मातीचं ढेकूळ घेऊन घरी आला. "हे काय?" ह्यांनी विचारलं. "दिवा स्टेशनच्या पुढची खाडीकाठची जमीन," भाऊजी म्हणाले, जणू पेढे आणले होते!

त्यांचं काम काय, ते त्यांनी मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून समजावलं होतं. खाडीला लागून जी भातशेती, तिला बाहेरून मातीचा बांध असतो. युद्धाच्या काळात कुणी त्या बांधांकडे पाहिलं नाही, ते फुटले, भरतीचं पाणी आत शिरलं आणि शेकडो घरांची शेतं मिठानं पांढरी पडली. सरकारला ठरवायचं होतं, बांध पुन्हा घालावेत की ती जमीन सोडून द्यावी. त्यासाठी माती कुठल्या जातीची ते कळायला हवं. "वहिनी, नुसती खारवट असली तर काळजी नाही. बांध घाला, तीन पावसाळे जाऊ द्या, पाऊसच मीठ धुऊन नेतो. पण चोपण असली तर पंचाईत. चोपण माती सोड्यासारखी असते. पाणी पडलं की लोण्यासारखी होते आणि वाळली की दगड. तिथे पावसाचं काही चालत नाही." मी म्हटलं, "म्हणजे एक रुसलेली आणि एक हट्टी." ते म्हणाले, "अगदी बरोबर. आमच्या साहेबांनासुद्धा इतकं थोडक्यात सांगता येत नाही." तशी मी मॅट्रिक पास होते, पण त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

मात्र या मातीनं माझ्या संसारावर धाड घातली. चाळीतल्या बायका उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत घालायच्या, आमच्या पडवीत वर्तमानपत्रांवर मातीचं वाळवण. येणारीजाणारी विचारायची, "काय गं, यंदा मातीचे सांडगे का?" वाळलेली माती कुटायला भाऊजींनी एक दिवस माझं लाटणं नेलं आणि दुसऱ्या दिवशी चाळायला पिठाची चाळणी. तेव्हा मात्र मी ओरडले. "भाऊजी, उद्या तुम्ही माझा तवा न्याल!" ते खजील झाले, आणि रविवारी कल्याणला जाऊन माझ्यासाठी नवीन लाटणं आणि नवीन चाळणी घेऊन आले. जुनं लाटणं त्यांच्याकडेच राहिलं. पुढे ते ठाण्याला बिऱ्हाड करून गेले तेव्हाही घेऊन गेले.

नमुने आणायला पिशव्या हव्यात म्हणून मांजरपाटाचा तागा त्यांनीच आणला आणि मी हातमशीनवर चाळीस पिशव्या शिवून दिल्या. तोंडाला नाडी, आणि परटाकडे कपड्यांवर घालतात तसे बिब्ब्याच्या शाईनं आकडे, एक ते चाळीस. बिब्ब्याची शाई कितीही धुतली तरी जात नाही. पिशव्या धुण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. माझ्या धुण्याची चाळीत ख्याती होती हो! मातीचे डाग साबणाला दाद देत नाहीत, म्हणून मोठ्या पातेल्यात सोडा घालून मी त्या उकळायची, आपटायची आणि विहिरीवर तीन पाण्यांतून काढायची. दोरीवर चाळीस पांढऱ्याशुभ्र पिशव्या वाळत असल्या की मी उगाचच दोनदा बाहेर जाऊन यायची.

भाऊजींची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण शेवटी तिच्याशीच गाठ आहे. त्यांच्या वहीत खाडाखोड नसायची. आकडा चुकला तर खोडरबर नाही, गिरगटणं नाही. चुकलेल्या ओळीवर एकच सरळ रेघ, म्हणजे खालचं वाचता यावं, वर बरोबर काय ते, आणि बाजूला सही. मी विचारलं होतं, सही कशाला? म्हणाले, "चूक ज्याची, सही त्याची. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, हे दुसऱ्यानंच केलं." वाण्याच्या यादीत मी साखरेचा आकडा चुकले तरी मला तसंच करायला लावायचे. आमचे हे म्हणायचे, "घरात एक हरिश्चंद्र पुरे झाला, तू नको त्याच्या नादी लागू."

ज्या शेतांतून नमुने यायचे त्यांत इनास नावाच्या शेतकऱ्याचं शेत होतं. खाडीकाठचा ख्रिस्ती माणूस, पन्नाशीचा, काळाभोर, कमरेला रुमाल आणि गळ्यात क्रूस. दोन भावांच्या मिळून सगळ्या घराची ती एकच जमीन. बांध फुटल्यापासून थोरला मासेमारीला लागला होता आणि इनास दुसऱ्यांच्या मिठागरात मजुरीला जायचा. भाऊजींना फुटलेल्या बांधावरून कुठून चालायचं ते त्यानंच दाखवलं. तो माती जिभेवर ठेवून परीक्षा करायचा. भाऊजींना सुरुवातीला ते हसण्यावारी वाटलं, मग तेही चाखायला लागले, पण वहीत लिहायचे नाहीत. वहीत फक्त बाटल्यांतून आलेलं.

त्या वर्षीचा उन्हाळा आम्हा डोंबिवलीकरांना चांगला आठवतो. विहिरीनं तळ गाठला होता. घागर सोडली की आधी दगडावर आपटल्याचा आवाज. बायकांनी नंबर लावले होते, घरटी चार घागरी, त्यावरून रोज भांडणं. नेमकं त्याच वेळी भाऊजींना चाळीस नमुने आणायचे होते, कारण उन्हात मीठ वर येतं. पिशव्या मी नेहमीप्रमाणे उकळल्या. पण तीन पाणी आणायचं कुठून? पिण्याच्या पाण्यात मी पिशव्या विसळल्या असत्या तर चाळीनं मला विहिरीत ढकललं असतं. एका पाण्यातून काढल्या आणि टाकल्या दोरीवर. वाळल्यावर जरा कडक लागत होत्या. मला वाटलं, कांजी घातल्यासारख्या छान दिसतात... हे मी तेव्हा मनात म्हटलेलं मला आज शब्दन् शब्द आठवतं.

त्या चाळीस नमुन्यांनी भाऊजींचं नशीब फळफळलं. तपासणीत द्रावण गुलाबी झालं, म्हणजे माती चोपण. खाडीच्या इतक्या जवळ चोपण माती सापडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. साहेबांनी पाठ थोपटली, भाऊजींनी निबंध लिहिला, तो छापून आला आणि शिष्यवृत्तीसाठी त्यांचं एकट्याचं नाव वर गेलं. आमच्या ह्यांनी चाळभर पेढे वाटले. मी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला, परदेशात थंडी असते म्हणून. आणि सरकारी कागदावर शेरा आला की सदर जमीन सुधारण्याजोगी नाही, बांधाचं काम रद्द करावं.

तो शेरा कळला त्याच्या दुसऱ्या दिवशी इनास आमच्या पडवीत येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. हातात नारळाची करवंटी, तीत ओली माती. "सायब, माजी जमीन चोपण हाय बोलतेस तू?"

"तपासणीत तसं आलंय, इनास."

"ही घे. जिबेवर ठेव. माज्या बापसाने हीच चाखून भात लावला. खारी हाय. सोड्याची चव नाय हिला."

"अरे, जीभ म्हणजे पुरावा नाही."

"मंग माजे घरात खायला नाय, तो पुरावा हाय?" इनासचा आवाज चढला तशा शेजारच्या बायका बाहेर आल्या. मी चहा आणला, तो त्यानं घेतला नाही. मला म्हणाला, "बाय, तू चांगली हायस. पन हे घरातला चहा आज नको." करवंटी कठड्यावर ठेवून निघून गेला.

भाऊजी करवंटीपाशी गेले. मग त्यांनी बोटानं माती उचलून जिभेवर ठेवली. आत येऊन त्यांनी माझ्याकडे दोन काचेचे पेले मागितले. एकात करवंटीतली माती पाण्यात ढवळली, निवळू दिली, त्यात बाटलीतलं औषध दोन थेंब टाकलं. पाणी जसंच्या तसं राहिलं. मग ते उठले, खुंटीवरची एक रिकामी पिशवी काढली, तिचा कोपरा दुसऱ्या पेल्यातल्या पाण्यात चांगला चोळला आणि थेंब टाकला. पाणी गुलाबी झालं, इतकं सुंदर, राणी रंगाकडे झुकणारं! मी म्हटलं, "अगंबाई! काय रंग आहे भाऊजी! असलं लुगडं मिळालं तर काय बहार येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेल्याकडे. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "वहिनी, या पिशव्या तुम्ही कशात उकळता?"

"सोड्यात. का हो? डाग राहिलाय कुठे?"

"नाही," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ आहेत."

मी काय मूर्ख बाई! मला त्या उत्तराचा आनंद झाला. पेला धुऊन ठेवला आणि आमटीला फोडणी दिली.

त्यानंतर पंधरा दिवस ते घरी आले की वहीत डोकं घालून बसायचे. काचेच्या बरण्या घेऊन पुन्हा इनासच्या शेतात गेले, नवे नमुने आणले, आणि एक दिवस जेवताना सांगून टाकलं, "मी निबंध मागे घेतलाय. तपासणीत चूक होती. माझी." ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. साहेबांनी म्हणे सुचवलं होतं की गप्प बसावं, शिष्यवृत्ती पदरात पडू द्यावी, मग हळूच दुरुस्ती करावी. भाऊजींनी ऐकलं नाही. बांधाचा निर्णय त्या शेऱ्यावर अडला होता, आणि पुढचा पावसाळा काही थांबणार नव्हता. शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला मिळाली. ह्यांनी भावाशी महिनाभर अबोला धरला.

आणि मी... मी काय केलं ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मी अर्धा विणलेला स्वेटर त्यांच्यासमोर उसवला आणि म्हटलं, "भाऊजी, हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात. इतके शिकलात, पण काम जरा निगुतीनं करायला नको? आम्ही बायका साधं धुणं धुतो तेसुद्धा मन लावून." ते ऐकून त्यांचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. म्हणाले, "पुढच्या वेळी काळजी घेईन, वहिनी."

पुढच्या रविवारपासून ते पिशव्या स्वतः धुवायला लागले. मी रागावले. "का? माझं धुणं पसंत नाही का?" तर म्हणाले, "तसं नाही हो. सोड्यानं तुमचे हात सोलवटतात. मला बघवत नाही." हे मी चाळीतल्या प्रत्येक बाईला सांगितलं. दीर असावा तर असा, म्हणून माझ्या जावेलाही तिच्या लग्नानंतर सांगितलं. ती हसली होती. तिला तरी ठाऊक होतं का, कोण जाणे. विचारायला आता तीही नाही.

बांध झाला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर इनास पुन्हा आमच्या पडवीत आला. पंच्यात बांधून पायलीभर रात्याचे तांदूळ आणले होते. राता म्हणजे खाऱ्या जमिनीतला लालसर भात. या वेळी चहा प्यायला, दोन कप. "सायब," म्हणाला, "जीब खोटा नाय बोलत." भाऊजी म्हणाले, "नाही बोलत. मीच उशिरा ऐकलं." त्या रात्याचा भात मी केला. भाऊजींनी पहिला घास नुसता, वरणाशिवाय खाल्ला. मला विचाराल तर तो भात जाडाभरडा होता आणि ताटात सुटसुटीत राहत नव्हता. तसं मी बोललेही.

भाऊजींचं पुढचं आयुष्य सरळ गेलं. लग्न झालं, ठाण्याला बिऱ्हाड केलं, प्रयोगशाळा सोडून कॉलेजात शिकवायला लागले. बढत्या उशिरा मिळाल्या. त्यांच्याहून कमी हुशार माणसं परदेशातून पदव्या आणून त्यांचे साहेब झाली, त्याचं त्यांना दुःख होतं की नाही, मला सांगता येणार नाही. बोलून दाखवलं नाही एवढं खरं. दिवाळीला आमच्याकडे यायचे. बोलता बोलता कधी ह्यांनी ती जुनी गोष्ट उकरून काढलीच तर ते म्हणायचे, "जाऊ दे रे दादा, चूक ती चूक." आणि मी, चकलीचं ताट पुढे करत, मान डोलवायची.

शोकसभेनंतर मी नीलाला म्हटलं, "बाबांच्या जुन्या वह्या आहेत का गं?" तिनं दोन दिवसांनी खोकं आणून दिलं. वर ते माझं लाटणं होतं, एका टोकाला झिजलेलं, आणि एक पिशवी. सतरा नंबरची. मांजरपाट पिवळा पडलाय, आकडा मात्र कालच घातल्यासारखा काळा. त्या उन्हाळ्याची वही सापडली. आकडे इंग्रजीत, बाकी मजकूर मराठीत, कारण ही त्यांची स्वतःची वही, साहेबांसाठी वेगळी. चाळीस नमुन्यांवर एकेक सरळ रेघ, शेजारी सही. चाळीस सह्या. आणि खाली कारण लिहिलेलं, "पिशव्या माझ्या हातून धुतल्या गेल्या. सोडा निघाला नाही. हयगय माझी." तेवढ्या ओळीवर रेघ नव्हती.

मी ती ओळ कितीतरी वेळा वाचली. वाण्याच्या यादीतल्या साखरेच्या चुकलेल्या आकड्यावरही सही करायला लावणारा माणूस. माझ्या माहितीत त्यांनी लिहिलेलं हे एकच खोटं, आणि ते माझ्यासाठी, आणि नंतर तीस वर्षं दर जूनमध्ये नव्या मुलांपुढे उभं राहून त्यांनी ते पुन्हा पुन्हा सांगितलं. आणि मी त्यांना निगुतीनं काम करायला शिकवत होते. मला त्यांचा रागच आला आधी. सांगितलं असतं तर काय मी मेले असते? फार तर दोन दिवस जेवले नसते. पण विहिरीवरच्या त्या बायका, आमचे हे, तो महिनाभराचा अबोला... तो माझ्या वाट्याला आला असता. ते मला पेलवलं असतं का, ते मला आज नाही सांगता येत. त्यांनी ते त्या दिवशी, पेल्यातला रंग विरायच्या आत, ठरवून टाकलं असणार. मग मी रडले. डाळ निवडायची नव्हती, त्यामुळे अडचण आली नाही.

रडून झाल्यावर डोळे पुसले, चष्मा पुसला आणि नीलाकडे पेन मागितलं. त्या ओळीवर एक सरळ रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी. या वयातही बऱ्यापैकी सरळ आली. "काकू, अहो, बाबांची वही आहे ती!" नीला घाबरून म्हणाली. मी म्हटलं, "माहीत आहे. म्हणूनच." रेघेच्या वर लिहिलं, "पिशव्या वहिनींनी धुतल्या. विहिरीला पाणी नव्हतं म्हणून एकाच पाण्यातून काढल्या. श्रीधरभाऊजींचा यात काही दोष नाही." मग बाजूला, जिथे ते करायचे तिथेच, मी माझी सही केली.